भाविकाच्या नावावरचं इंटरनेट

मी, लडकू धर्मा पष्टे, वय ६९, धंदा टायर-पंक्चर, राहणार टोकावडे, तालुका मुरबाड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीत राहून लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पंकज, म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणण्याआधी तो वाच.

१. रस्त्याकडेचं दुकान आणि मागचं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. बापाने मला एक पाना दिला होता, तोही उसना आणलेला.

२. घरात इंटरनेट घेतलं ते मी मुलगी भाविका हिच्या नावावर. लग्न होऊन जाणारी पोर. बिल थकलं तर वसुलीवाला तिला कुठे शोधणार? गावात बरेच जण असंच करतात. मला ती हुशारी वाटली.

३. भाविका आसनगावला नांदायला गेली. बिल भरायचं मुलगा पंकज याने कबूल केलं आणि सात महिने भरलं नाही. टायरची हवा कुठून जाते ते मी पाण्यात न बुडवता, नुसत्या कानाने सांगतो. पार्टिशनमागून पंकजचा वसुलीवाल्याशी चाललेला फोनही ऐकला: "ती हितं नाय राहत आता. तिचं ती बघंल." ऐकूनही बिल मी भरलं नाही.

४. दोन वर्षांनी भाविकाची भाड्याची खोली मालकाने विकायला काढली. ती घ्यायला तिने कर्ज मागितलं, बँकेत मी सोबत गेलो. बँकेतले साहेब म्हणाले, "काका, बिल चार हजारांचं आहे, पण सिबिलला हिचं नाव थकबाकीदार लागलंय." मी तिथेच खिशात हात घातला. साहेब म्हणाले, "भरा. पण जुनी नोंद काही वर्षं दिसणारच." खोली दुसऱ्याने घेतली. बाहेर बाकड्यावर भाविका एवढंच बोलली, "बाबा, आजवर माझ्या नावावर तुमी हीच एक गोष्ट केली."

५. सबब, दुकान व घर दोन्ही भाविकाला. पत्नी जनाबाई हिने हयातभर तिथेच राहावे. पंकजला कंप्रेसर आणि दोन जॅक. हात काळे केले तर त्यावर पोट भरतं, माझं भरलं. त्याला घरात राहायचं असेल तर बहिणीला विचारावे. ती नाय म्हणाली तर जनाबाई, तू मध्ये पडायचं नाय.

६. ही मिळकत घेतली म्हणजे भाविकाने बापाला माफ केलं, असा अर्थ कोणी काढू नये. तशी अट मी घातलेली नाही, आणि तिला कोणी तसं ऐकवूही नये.

माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सही करणारे साक्षीदार, ज्यांना यातलं काहीच मिळणार नाही:
१) हरेश विशे
२) अनिता हरड

सही: लडकू धर्मा पष्टे
टोकावडे, १४ नोव्हेंबर २०२५