खांद्याच्या वाटीचा काठ

सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप बिभीषणमामांना भाचा बिरप्पाचा नमस्कार. (तो मनातल्या मनात समजावा. डावा हात झोळीत असल्याने दोन्ही हात जोडता येत नाहीत. कागद सरकू नये म्हणून त्यावर शेंगाचटणीची बरणी ठेवली आहे, तेव्हा तेलाचा डाग दिसला तर रागावू नये.) मामींचे गुडघे कसे आहेत? नातेपुत्याकडं पाऊसपाणी, मेंढरं, सगळं ठीक ना? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. इकडं आई हटून बसली आहे, "दादा व्हय म्हनंल तवाच आपरेशन." म्हणून ही चिठ्ठी.

परवा तुमच्या सूनबाईनं, दिपालीनं, दवाखान्यातून तुम्हाला फोन लावला आणि मध्येच रेंज गेली, त्याच्या मागचंपुढचं सांगतो. डॉक्टर प्रियंकाबाईंनी विचारलं, खांदा निसटतो तो नेमका कसा? म्हटलं, मामांकडं लोकरीच्या कातरणीला मेंढरं धरताना. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कॉलेजच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर अर्धवट माहिती द्यायची सवय राहत नाही. मी कंपाउंडर बसूला वाकायला लावलं आणि एडका धरतात तशी त्याची मान धरली. (मागचा पाय धरायचा, हे तुम्ही शिकवलं आहे. पण भर दवाखान्यात पाय कुठं धरणार?) बसूला मानेला गुदगुल्या होतात, हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. तो असा उसळला की माझा खांदा जागेवरून गेला. दिपालीनं घाबरून तुम्हाला फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि तुम्ही गरजलात, "आडवा पाड त्येला! बगलंत टाच लाव आन् वढ की!" सगळ्या रांगेनं ऐकलं. अक्कलकोटच्या एक आजी तर चप्पल काढून पुढंही आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, मला सुई दिली आणि न बोलता, हळूहळू हात ओढून खांदा बसवला. टाच लागली नाही, याचं आजींना फार वाईट वाटलं.

मग दोन्ही खांद्यांचा सीटी स्कॅन. दिपाली तिथंही भांडली. दुखतोय डावा, मग उजव्याचा फोटो कशाला? बाईंचं म्हणणं, डावा मुळात केवढा होता ते आता उजवाच सांगणार. लहानपणी आपण चमच्यात लिंबू घेऊन पळायचो, तसा हा सांधा आहे म्हणे. वाटी उथळ, गोळा मोठा. गोळा पुढं निसटला की दर वेळी वाटीचा काठ थोडा झिजतो. साध्या एक्स-रेत ते नीट कळत नाही. बाईंनी कॉम्प्युटरवर गोळा बाजूला काढला, नुसती वाटी समोर आणली आणि तिच्यावर एक गोल काढला. उजवीकडं वाटीनं गोल भरला. डावीकडं पुढच्या अंगाला मोकळी जागा राहिली, कुणी भाकरीचा कडेचा घास घेतल्यासारखी. दर वेळी खांदा बसला की आपण मटण शिजवलं, पण जाताना तो काय घेऊन गेला ते कुणी पाहिलं नाही. (तुमच्या टाचेनं हाड झिजलं का, हे मी मुद्दाम विचारलं. नाही म्हणाल्या. पण आता टाच बंद, नस दुखावेल.) काठच कमी झाल्यामुळं नुसते टाके टिकणार नाहीत. शेजारच्याच हाडाचा तुकडा काढून स्क्रूनं पुढं बसवावा लागेल.

तुम्ही म्हणाल, राहू दे की तसंच, लोक जगतात. जगतात, मामा. पण आमची ऋतुजा आता हात वर करून "उचल" म्हणते आणि मी खाली बसून तिच्याशी खेळण्याचं नाटक करतो. ती पडली तर, या विचारानं मला तिला उचलवत नाही. काल दवाखान्यात ती मला सोडून बसूकडं गेली. बसूनं उचललं. मला लई लागलं.

तरी विचार करून होकार कळवावा. मामींना नमस्कार.

तुमचाच,
बिरप्पा

ता. क. बसूनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. मी दवाखान्यात शिरलो की तो आधी भिंतीला पाठ लावतो.

आणखी एक. आई हटून बसली आहे हे खरं नाही. ती कधीच हो म्हणाली. बुधवार ठरला आहे, पैसे भरले आहेत, तुमचा होकार कुणालाच नको आहे. खरं सांगायचं तर मला फार भीती वाटते, आणि चाळिशीच्या माणसानं मामाला हे कसं लिहावं ते सुचेना, म्हणून एवढं लांबण लावलं. खांदा निसटला की तुम्ही शिव्या देत धावत यायचात आणि तुमचा आवाज आला की माझी निम्मी कळ थांबायची. या वेळी तुम्ही काहीच करायचं नाही. नुसतं दाराबाहेर बसायचं. मंगळवारच्या एसटीनं या, मामा.