उसना फ्रिज

॥ श्री ॥

ता. झरी जामणी
शनिवार, १२ एप्रिल २०२५

ती. सौ. दिपालीताईस,
धाकट्या नयनचा सा. न. वि. वि.

ज्या क्षणी मी टॅबवर 'फ्रिज' या शब्दापुढच्या 'आहे'वर बोट टेकवलं, त्या क्षणी सगळं पालटलं. बोट उचललं तेव्हा मी तोच होतो, अंगातला इस्त्रीचा शर्टही तोच. पण सुखीबाईंचं घरकुल गेलं होतं. ते मी घालवलं, हे मला चार दिवसांनी कळलं.

फोन काहून नाही केला म्हणून तू चिडशील. इथे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, आणि ही गोष्ट टाकीवरून ओरडून सांगायची नाही. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी अर्धं लपवतो. म्हणून कागद घेतला.

जानेवारीत कॉलेज सोडलं त्याचं कारण मी घरी सांगितलं नव्हतं. सरांनी एक दिवस शिष्यवृत्तीच्या पोरांची नावं पुकारली आणि ज्यांचे उत्पन्नाचे दाखले बाकी होते त्यांना भर वर्गात उभं केलं. त्यात अंजू होती. माझं डोकं फिरलं. बाक लाथाडला, सरांना नको ते बोललो आणि निघून आलो ते आजतागायत. अंजू मात्र उभीच राहिली आणि दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते सरांना विचारून घेतलं म्हणे. मी कॉलेज कुणापायी सोडलं ते आता तुला कळलंच.

मग ठेकेदाराकडे हे घरकुलाच्या सर्वेक्षणाचं काम धरलं. घरोघर जायचं, टॅबवर प्रश्न भरायचे, फोटो काढायचा. अंजूचं गाव माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला दोन रात्री झोप नव्हती. घरात ती आणि तिची आई सुखीबाई, दोघीच. आई मजुरीला जाते. मी गावातल्या आशा कार्यकर्त्या शकुबाईंकडे निरोप धाडला की सोमवारी सकाळी मी येतो, पोरीला घरीच ठेवा. अर्जाला अंजूची गरज नव्हती. मला होती.

गेलो तर अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कुडाच्या भिंतीशी मोटरसायकल, आत फ्रिज. सुखीबाईंनी काचेच्या बशीत पोहे दिले, वर ओलं खोबरं. फ्रिजमधली बाटली काढून पाणी दिलं. खाऊन झाल्यावर मी टॅब काढला आणि घरात खाणारी तोंडं किती, चूल दिवसातून किती वेळा पेटते, असं विचारत गेलो. सुखीबाई आधी गोंधळल्या, मग अंजूकडे बघत एकेक उत्तर देऊ लागल्या. फ्रिज तुमचाच ना विचारलं, तर म्हणाल्या, हो जी, आपलाच. गाडी? तीही आपलीच. मी दोन्हीपुढे 'आहे' केलं आणि फ्रिजसकट मायलेकींचा फोटो काढला.

काल पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. सुखीबाई अपात्र. शकुबाईंनी मला रस्त्यातच धरलं. म्हणाल्या, अरे येड्या, तो फ्रिज माह्या घरचा, गाडी मारोतरावची, खुर्च्या अंगणवाडीतल्या. तू पोरगी पाह्यले येऊन राह्यला असंच समजली ना ती बिचारी! मी खोलीवर येऊन फोटो उघडला. ताई, फ्रिजची वायर जमिनीवर लोळते आहे. जवळपास भिंतीला बटनसुद्धा नाही.

कसला हा अर्ज आणि कसलं हे सरकार! माणसाची गरिबी मोजायला फ्रिज पाहिजे? मी ठरवलंय. घराचा फोटो टाकून मोबाईलवर मदतीचं आवाहन करतो. कॉलेजातली पोरं, भाऊजींचे मित्र, सगळ्यांना पाठवतो. पावसाळ्याआधी मी स्वतः सुखीबाईंना घर उभं करून देतो. तू फक्त भाऊजींना बोल.

चिनूला गोड पापा. तुझा माझ्यावरचा लोभ या पत्राने आटला तर निदान कळव.

तुझा,
नयन


पुसद
बुधवार, १६ एप्रिल

चि. नयन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक कानाखाली उधार.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींनी आधी फोडलं. पाकिटावरचं अक्षर बघून त्यांना वाटलं, वीज बिलाची तक्रार कुणी थेट घरी पाठवली. चिनूचे दोन दात पडलेत. बाबा अजून कॉलेजचं नाव काढलं की जेवणाच्या ताटावरून उठतात, तेव्हा घरी इतक्यात जाऊ नकोस.

आता ऐक. माझ्या बघण्याच्या वेळची गोष्ट तुला आठवत नसेल, तू तेव्हा चड्डीत फिरायचास. आईने विजयमालाकाकूंकडून निळ्या कडांचे सहा कप आणले होते. सोफ्यावरची चादर समोरच्यांची, आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागून आणलेलं. तुझे भाऊजी अजून चिडवतात की निळ्या कपांची मुलगी म्हणून हो म्हटलं आणि पुढे आयुष्यभर स्टीलच्या पेल्यातून चहा पितोय. आपल्याकडे असं कोण करत नाही रे? आलेल्या माणसाला घराची लाज वाटू नये, म्हणून शेजार मागून आणायचा. आमच्या कपांची कुणी नोंद केली नाही, कारण आम्हाला कुणाकडे काही मागायचं नव्हतं. सुखीबाईंच्या फ्रिजची मात्र नोंद झाली.

तू सरकारवर तणतणलास ते वाचलं. अर्ज बिनडोक असेल, मी नाही म्हणत नाही. पण पत्र मी तीनदा वाचलं, आणि माझा एक प्रश्न आहे. फ्रिज कुणाचा हे तुला कळलं नाही, हे मला पटतं. पोहे कशाचे होते हे कळलं नाही, हे पटत नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या मुलाला काचेच्या बशीत ओल्या खोबऱ्याचे पोहे कधी मिळतात, हे पुसदपासून पांढरकवड्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खरं सांग. मला नाही तर स्वतःला तरी.

आणि ते आवाहन अजिबात करू नकोस. त्यांना जे मिळायचं ते त्यांच्या हक्काचं होतं. ते हुकवलंस, आणि आता त्याच घरावर स्वतःच्या नावाची पाटी लावायला निघालास? उद्या त्या बाईंनी तुझ्या समोरून जाताना मान खाली घालावी, असं घर देणार आहेस का तू? यादीवर हरकत घेता येत असेल. ती कुठे, कधी, ते विचार. चूक जिथे लिहिली तिथेच खोडायची असते. भाऊजी म्हणतात, १ मेला ग्रामसभा असेल.

उन्हात डोक्याला रुमाल बांध. रागावले तरी बहीणच आहे, हे धरून राहा.

तुझी,
ताई


शनिवार, १९ एप्रिल

श्री. नयन यांस,
नमस्कार.

मी लिहिणार नव्हते. पण काल वर्गातल्या अर्पिताने मला तिच्या मोबाईलवर आमच्या घराचा फोटो दाखवला. खाली तुम्ही लिहिलं आहे, एका गरीब मातेला आणि तिच्या होतकरू मुलीला छप्पर द्या. तो आता आमच्या सगळ्या वर्गाकडे आहे. कुणीतरी खाली हात जोडलेली चित्रं टाकली आहेत. सरांनी शंभर रुपये देतो असं लिहिलं आहे.

जानेवारीत तुम्ही सरांवर ओरडलात तेव्हा मला तुमचा राग आला होता, आणि थोडं बरंही वाटलं होतं. सरांनी आमची नावं एका वर्गात घेतली होती. तुम्ही कुठे कुठे घेतलीत ते मोजता येत नाही.

त्या दिवशी आईने पहाटे उठून अंगण सारवलं. फ्रिज आणायला चार माणसं लागली. तुम्ही टॅब काढलात तेव्हा मला कळलं. आईलाही कळलं असेल, पण एकदा आपला म्हटलेला फ्रिज पाहुण्यासमोर दुसऱ्याचा कसा म्हणायचा? तिला ते जमलं नाही. तुम्ही गेल्यावर तिने काचेची बशी तीनदा धुतली, फुटू नये म्हणून, परत करायची होती.

आई ग्रामसभेत येणार नाही. ती म्हणते, पाव्हण्यासाठी आणलेल्या वस्तूंचा जाब मी चार लोकांत देणार नाही, मंग घर गेलं तं गेलं. मीही तिला भरीस घालणार नाही.

तुम्हाला काही करायचंच असेल तर फोटो काढून टाका. आणि सभेत सांगायचं असेल तर आमचं घर किती पडकं आहे ते सांगू नका. तुम्ही काय केलंत ते सांगा.

माझा पेपर २८ तारखेला आहे. उत्तर पाठवू नये.

अंजू


शुक्रवार, २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. लिहिताना या वेळी हात खरंच जोडलेत.

तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा फोटो जाऊन दोन दिवस झाले होते. तुझं ऐकायचं नाही असं नव्हतं, थांबवलंच नाही मला. मी टाकीवर चढून तो पाठवला आणि किती जणांनी पाहिला ते बघत तासभर वरच बसलो. मग अंजूचं पत्र आलं. सोबत पाठवतोय, वाचून जाळू नकोस, परत दे. कॉलेजात आम्ही अरे-तुरे करायचो. पत्रात तिने मला तुम्ही लिहिलंय. फोटो मी काढून टाकला, पण गेलेला फोटो परत येत नाही. ज्यांनी पैसे देतो लिहिलं होतं त्या एकेकाला नको म्हणून कळवलं. सरांना सगळ्यांत शेवटी कळवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला कळलं होतं, ताई. रांगोळी पाहिली तेव्हा शंका आली आणि बशी हातात आली तेव्हा खात्री झाली. निरोप धाडताना पोरीला घरी ठेवा हे शब्द मी मुद्दाम तसे वापरले असतील काय, हेही आता सांगता येत नाही. सुखीबाई आपलंच घर समजा म्हणाल्या, अंजू दाराशी निळ्या ओढणीत उभी होती, आणि मला वाटलं, अजून पाच मिनिटं असंच राहू द्यावं. मी पोहे खाल्ले, ताई. दुसऱ्यांदा वाढले तेही खाल्ले. फ्रिजमधून काढलेलं पाणी कोमट होतं, एप्रिल महिन्यात! तेव्हाच मी बाटली खाली ठेवून बोलायला पाहिजे होतं. पण बोललो असतो तर पाहुणा राहिलो नसतो. मग एकाएकी माझाच मला राग आला, म्हणून कामावरचा माणूस झालो आणि टॅब काढला. पुढचं तुला माहीत आहे.

काल ग्रामसभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या होत्या, बाया एकीकडे, माणसं एकीकडे. अपात्र यादी वाचून झाल्यावर मी उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, घ्या, नवरदेव उठले. लोक हसले. सरपंचांनी विचारलं, तुमचं सांगणं घराबद्दल आहे की लग्नाबद्दल. मी म्हटलं, दोन्हींबद्दल. मग सांगितलं सगळं. माझ्या बापाला न विचारता मी स्वतःला पाहुणा म्हणवून घेतलं. त्यांनी पाहुण्याचा मान राखला आणि मी तोच मान अर्जात भरला. मुलगी दाखवताना शेजारून काहीही न आणलेलं घर या गावात असेल तर त्यांनी मला खोटं पाडावं, असंही म्हणालो. तुझे निळे कपही सांगितले, माफ कर.

बायांच्या बाजूला हसू फुटलं, पण ते आधीच्यासारखं नव्हतं. शकुबाई उठल्या. म्हणाल्या, फ्रिज माहा हाय, नेता-आणता त्याचा एक पाय वाकडा झाला, पाह्यचा असन तं चला. मारोतरावांनी बसल्या जागेवरूनच सांगितलं की गाडी त्यांची, अन् तिच्यात पेट्रोल नव्हतं, लोटत नेलती. मग दोघीतिघी एकमेकींची कोणती वस्तू कोणत्या लग्नात गेली ते काढत बसल्या आणि सरपंचांना टेबल वाजवावं लागलं. सचिवांनी हरकत लिहून घेतली. म्हणाले, फेरतपासणी होईल, पुढचं वरच्यांच्या हातात. मी विचारलं, त्या बाईला पुन्हा सगळं दाखवावं लागेल का? ते म्हणाले, हो, नियम आहे. या एका 'हो'वर मी खाली बसलो. पूर्वीचा असतो तर टेबल उलथवलं असतं, आणि हरकतीचा कागद त्याच टेबलावर होता.

मदत म्हणजे वरून खाली हात सोडणं असंच मी समजत होतो. सरांनाही तसंच वाटत असेल. घेणाऱ्याने आधी आपली फाटकी बाजू चारचौघांत उलटी करून दाखवायची, मग द्यायचं. कसं द्यायला पाहिजे ते मला नीट सांगता येत नाही. पण त्या गावाने एक फ्रिज दिला होता आणि घेताना सुखीबाईंची मान खाली गेली नव्हती, एवढं मी पाहिलंय.

अंजू आली होती, लिंबाखाली उभी. माझं बोलणं संपायच्या आत निघून गेली. पेपर कसा गेला ते मला विचारायचा हक्क नाही.

टॅब मी जमा केला. बाबांना भेटायला येईन. ताटावरून उठले तर उठू दे.

लोभ मागत नाही. उधार ठेवलेली कानाखाली तेवढी वसूल कर.

तुझा,
नयन

ता. क. (सोमवार, ५ मे)

पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. आज फेरतपासणी झाली. आधीच्या माणसाने हजर राहून सही करावी असा कागद आला, म्हणून जावं लागलं. नवीन सर्वेक्षक पांढरकवड्याची माहनूर नावाची मुलगी आहे. तिने आल्या आल्या चप्पल बाहेर काढली. मला सुचलं नव्हतं.

या वेळी अंगणात रांगोळी नव्हती. खुर्च्या नव्हत्या, आम्ही खाली बसलो. सुखीबाईंनी मला माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं. गार होतं. पेला माझ्या हातात दिला, जमिनीवर ठेवला नाही. माहनूरने टॅब काढला आणि हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला, खाणारी तोंडं किती. दोन, सुखीबाई म्हणाल्या. मग चूल दिवसातून किती वेळा पेटते हा प्रश्न आला. सुखीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर नुसता हातात धरून राहिल्या. अंजूने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने दाराकडे पाहिलं.

मी पेला रिकामा करून पालथा ठेवला आणि उठलो. सही बाहेर करीन, असं माहनूरला सांगितलं. दार जुन्या फळ्यांचं, खालून मातीत रुतलेलं. दोन्ही हातांनी उचलून घ्यावं लागतं. मी बाहेर आलो, ते उचललं आणि पूर्ण लावून घेतलं.