झाडांचे सुतक

१८ जुलै २०२१, रविवार

आज सकाळी आठ वाजता दादाच्या घरी सुखरूप पोहोचलो. एकोणीस वर्षांनी या फाटकातून आत पाऊल टाकले. गेल्या महिन्यात दादाने स्वतः फोन करून मला नावाने हाक मारली. "थो, बाबांच्या पुण्यतिथीला ये. आता आपण दोघंच उरलोय," म्हणाला. मी "येतो" एवढेच म्हटले. अधिक बोलणे माझ्या स्वभावात नाही.

दुर्दैवाने काल संध्याकाळीच त्याला साथीच्या तापाने इस्पितळात न्यावे लागले. मी हनोईहून आलो असल्याने गावसमितीने मला चौदा दिवस याच घरात एकट्याने राहण्यास सांगितले व फाटकाला बाहेरून कुलूप घातले. त्यावर चिकटवलेल्या सूचनेत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी चौथीपर्यंतच शिकलो. परंतु बत्तीस वर्षे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आहेत. गजांतून हात काढून दोन्ही चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

मन प्रसन्न आहे. दादाच्या बागेत चौदा झाडे आहेत. दाराशी जुने पपनस, विहिरीकडे सुपारीची नवी रांग आणि बाबांनी कुंडीत वाढवलेला बुटका वड. दादा परतला की त्याला एक वाक्य सांगायचे आहे. ते मनात जुळवीत आहे.

१९ जुलै, सोमवार

दिनक्रम ठरवला. पाचला उठणे, पूर्वजांच्या देव्हाऱ्यातील पितळ घासणे, अंगण झाडणे, झाडांना पाणी. दुपारी बांबूच्या टोपल्या विणणे. रिकामा हात माणसाला भ्रमिष्ट करतो असे माझे मत आहे.

जेवणाचा डबा शेजारची लुआ फाटकाला अडकवून जाते. बाई जिभेने तिखट आहे. आज म्हणाली, "काका, भात उरवलात तर दादांना कळवीन हं. उठून येतील तुम्हाला मारायला." मी कधीही भात उरवत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. तिला हसू का आले ते कळले नाही.

संध्याकाळी दादाची मुलगी मियेन हिचा फोन. दादाने अर्धी वाटी पेज घेतली.

२१ जुलै, बुधवार

कपाट साफ करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, नीट घडी घातलेल्या. मोजण्याची गरज नव्हती. पाहताक्षणी ओळखल्या.

घराचा धनी गेला की आमच्याकडे झाडांनाही सांगतात. प्रत्येक खोडाला सुतकाची पांढरी पट्टी बांधतात. न बांधल्यास झाडे धन्यामागोमाग जातात असे मानतात. बाबा गेले तेव्हा दादाने पट्ट्या बांधल्या. मी शहरात राहून शहाणा झालो होतो. पाहुण्यांसमोर हा अडाणीपणा नको म्हणून मी त्या सोडून उकिरड्यावर टाकल्या. महिन्याभरात बाबांची सातही सुपारीची झाडे उभी वाळली. दादा एवढेच म्हणाला, "तू त्यांना कळू दिलं नाहीस." मी त्याच दिवशी निघून गेलो.

त्याने त्या पट्ट्या उकिरड्यावरून वेचून आणल्या असतील, धुतल्या असतील.

डबा होता तिथे ठेवला.

२३ जुलै, शुक्रवार

पहाटे पाणी घालण्यास गेलो तर झाडांची आळी आधीच ओली होती. पाऊस नव्हता. दव असावे.

रोज पाचला गावच्या बातम्या सांगणारा कोपऱ्यावरचा ध्वनिक्षेपक आज बोलला नाही. लुआ म्हणाली, तार तुटली. आज तिने थट्टा केली नाही. मियेनने दादाचा पांढऱ्या सदऱ्यातला, समोर पाहणारा फोटो मागवला. इस्पितळाच्या कागदपत्रांसाठी हवा असेल. भिंतीवरून उतरवून, पुसून लुआकडे दिला.

२५ जुलै, रविवार

आळी पुन्हा ओली. झारी मी नेहमी उजव्या खुंटीला टांगतो. आज ती डाव्या खुंटीला होती.

दादा डावखुरा आहे.

थोडा खोकला आहे. झाडण्याची धूळ. लुआस सांगितले नाही.

२६ जुलै, सोमवार

पपनसाची हिरवी पाने गळत आहेत. सुपारीच्या झावळ्या खाली आल्या आहेत. पाणी भरपूर, कीड नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्या झावळ्या अशाच आल्या होत्या.

दादाशी बोलू दे, असे मियेनला म्हणालो. त्यांच्या तोंडात नळी आहे, काका, असे म्हणून तिने फोन ठेवला. गेल्या सोमवारी तर पेज घेतली म्हणाली होती.

२८ जुलै, बुधवार

लुआला फाटकाशी थांबवले व सरळ विचारले. तिने डबा फाटकाला अडकवला. मग म्हणाली, "काका, घरात जुना पांढरा कपडा आहे का? नसेल तर मी आणून देते."

मी म्हणालो, आहे.

दादा गुरुवारी, बावीस तारखेला गेला. मयतीची बातमी माझ्या कानी पडू नये म्हणून ध्वनिक्षेपकाची तार मियेनने लोकांच्या पाया पडून सोडवून घेतली होती. तुम्ही कुलपाआड एकटे, तुम्हाला सावरायला आत कोण येणार होतं, असे लुआ म्हणाली व तोंड फिरवून रडली. मी रडलो नाही. डबा घेतला. प्रथमच भात उरला.

मागची पाने चाळली. आळी प्रथम ओली झाली ती तेवीस तारखेला.

२९ जुलै, गुरुवार

पुण्यतिथीसाठी आणलेला पांढरा सदरा फाडला. चौदा पट्ट्या. प्रत्येक खोडाला बांधून प्रत्येकाला सांगितले, ह्वानदादा गेला. कुंडीतल्या वडापाशी गुडघे टेकून बसलो. त्याला माझे वाक्यही सांगून पाहिले. झाडाला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचे—

अंगात ताप आहे. टोपलीची शेवटची कड वळवायची राहिली.

३० जुलै, शुक्रवार

प्रत्येक झाडाला दोन पट्ट्या आहेत.

वरची माझी. खालची पिवळी, जुनी. कपाटातला डबा उघडून पाहिला. रिकामा. कुलूप बाहेरून आहे. आत मी एकटाच—

खिळ्यांवरची उलटी अक्षरे वाचण्यात माझे आयुष्य गेले. उलटी गाठ मला ओळखता येते. ती डाव्या हाताने मारली आहे.

माझी पट्टी दादाच्या सुतकाची. त्याच्यामागे या घराचा धनी मीच. मग दुसरी कोणाच्या—

सोडाव्यात का? हात गाठीपर्यंत गेला. नाही. एकदा सोडल्या होत्या. तेवढे पुरे.

पपनसाने नवे पान काढले आहे.

३१ जुलै, शनिवार

उजाडले आहे. उठवत नाही. श्वास अर्धाच येतो— लुआ आठला येईल. फोन हाताशी आहे, परंतु—

विहिरीकडे झारीचा आवाज. एकेका आळ्यापाशी थांबतो. बाबाही असेच थांबत.

त्याला राग आला असता तर पट्ट्या बांधल्याच नसत्या. झाडे जगावीत म्हणून— माझ्यामागेही—

आवाज पपनसाशी आला. झारी खुंटीला टांगली. डाव्या.

पायरीवर ओली पावले. भीती वाटते, हे नमूद करतो. उठून बसलो. सदऱ्याची गुंडी लावली. वाक्य तयार आहे, लिहून ठेवतो, आयत्या वेळी चुकू नये—

दादा, त्या दिवशी चूक मा