राजदूताची जन्मतारीख

४ जानेवारी
ठरलं. यंदा यूपीएससीचा फॉर्म भरायचाच. अकरा वर्षं नुसता पाया पक्का केला, आता थेट कळस. फॉरेन सर्व्हिस, मग यथावकाश राजदूत. आमच्या प्रवर्गाला वयोमर्यादा सदतीस, मी पस्तीस. पोळ्याच्या दिवशी झालास, असं आई छातीठोक सांगते. म्हणजे अजून दोन अटेम्प्ट आहेत. दुसरा लागणार नाही.
थंड देशात पोस्टिंग घेणार नाही. आईचे गुडघे.

९ जानेवारी
फ्रेंच, धडा तिसरा. तिसऱ्यांदा.
ऑफिसात दोन भाऊ बांधावरून भांडत होते. क्लार्क असूनही मी मध्यस्थी केली. आता दोघं मिळून माझी तक्रार करणार आहेत. एकमत घडवलं, हे महत्त्वाचं.

१८ जानेवारी
दहावीचा मेमो, म्हणजे बोर्डाचं सर्टिफिकेट, शोधला. जन्मतारीख १ जून १९८८! आमच्या वर्गातले बावीस जण १ जूनचेच. शाळेत नाव घालणाऱ्या यशवंतराव गुरुजींची कृपा. कागदावर मी सव्वादोन वर्षांनी मोठा. किरकोळ बाब आहे, वाटाघाटींनी सुटेल.

२५ जानेवारी
सफरचंदं घेऊन गुरुजींकडे गेलो. ऐंशी पार, पण स्मरणशक्ती नको इतकी चांगली.
म्हणाले, "म्या काऊन चुकीन? तुही मायच आल्ती घेऊन. चार वर्साचाबी नोयता तू. म्हने, सहाचा लिहा गुरुजी, मी वावरात गेल्यावर याच्याकडं कोन पाहीन?"
तरी खरी तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. पहिला करार!

६ फेब्रुवारी
फॉर्म ऑनलाइन. मेमोवरचीच तारीख चालते. चिठ्ठी जोडायला जागाच नाही. तारीख टाकली. वय जास्त, अपात्र. नेट स्लो असल्यामुळे असेल.
संध्याकाळी नेट फास्ट झालं. तरी तेच.

७ फेब्रुवारी
आईने विचारलं, फॉर्म भरला का. खरं सांगणं जिवावर आलं. चूक गुरुजींची, असं सांगितलं. राजदूताने सत्य जपून वापरावं. ती ऐकून झोपायला गेली. प्रकरण शांततेत मिटलं.

८ फेब्रुवारी
मिटलं नव्हतं. आज सकाळीच आई, गुडघे विसरून, गुरुजींच्या दारात. "माह्या पोराचं वाटोळं केलं तुमी!" सगळी गल्ली गोळा झाली. शेवटी गुरुजींनी तिला शांतपणे सगळं सांगितलं.
परत आली. भाकरी थापल्या. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग चार वर्साच्या पोराले कुठं ठेवाले पायजे होतं म्या?"
मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं. अकरा वर्षांच्या अभ्यासात एक वाक्य सापडलं नाही. जेवलो.