सिंदीची चटई

दिघोरी,
८ ऑगस्ट १९७८

चि. इश्वर यास कलाबाईचे अ. उ. आ. वि. वि.,

इकडे सारे खुशाल. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण सख्ख्या बहिणीले पत्र लिहायले तुले फुरसत नाही. गावात येणाऱ्या संघटनेच्या पत्रकांवर मात्र तुझं अक्षर दिसते. तेच वाचून तब्येत कळते.

धानाचे रोवणे आटोपले. पण आपल्या खालच्या बांध्यायले याही साली तळ्याचं पाणी भेटंल असं वाटत नाही. यादोराव पाटलाची मालगुजारी कधीची गेली, पण तळ्याच्या तुडुमाचं दार उघडलं की पाणी अजून पहिले त्याच्याच वरच्या शेतात शिरते. पाण्यालेही सवय लागली असंल! धान निसवायच्या वेळी पाणी नसलं तं लोंब्या पोचट निघतात. असलंच धान खाऊन तू लहानाचा मोठा झाला, तुले काय सांगू?

आता लाखांदूरले सरकारनं पाणीवाटपाची समिती काढली आणि गावानं तुझं नाव सुचवलं. तुझे भाऊजी म्हणाले, तो क्रांती करते, समिती नाही. मी म्हटलं, एका हातानं एक करंल, दुसऱ्यानं दुसरं. अरे, सासूच्या हातची चूल पाहिजे तं आधी सून होऊन घरात शिरावं लागते. अंगणात उभं राहून घोषणा देणारीले चूल भेटली, असं कुठं ऐकलं काय? मी शिरली, गुमान राहिली, आज चूल माझी आहे. तू बी शीर.

लोभ आहेच, तो वाढव म्हणत नाही. पत्रं तेवढी वाढव.

तुझी बाई


शहापूर,
१९ ऑगस्ट १९७८

ती. बाईस इश्वरचा शि. सा. न. वि. वि.,

तुझं पत्र संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवलं. आधी सगळे हसले, मग त्यावर बरंच भांडण झालं. बहुमत असं पडलं की ही समिती म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडाला पानं पुसण्याचा प्रकार आहे. आत गेलेला माणूस बदलतो; आतलं काही बदलत नाही.

राग मानू नकोस, पण उदाहरण तुझंच देतो. चूल हाती आली, मग तू काय केलंस? तुझी सासू डब्याच्या फडताळाची किल्ली कमरेला खोचायची. आता तीच किल्ली तुझ्या कमरेला आहे, आणि तुझी सून ललिता चिमूटभर साखरेसाठी तुझ्याकडे पाहत उभी असते. ही कुठली क्रांती, बाई?

तरी गावाचा शब्द मोडवत नाही. शेवटी तोड निघाली. मी समितीत जाईन, पण खुर्चीवर बसणार नाही. लोक कचेरीत जमिनीवर बसतात, मीही तिथेच बसेन. तू विणलेली लाल काठाची सिंदीची चटई एस्टीच्या कंडक्टरजवळ दे.

भाऊजींना नमस्कार. माया कमी करू नये, वाद कितीही वाढो.

तुझा इश्वर


दिघोरी,
२ नोव्हेंबर १९७८

चि. इश्वर यास अ. उ. आ. वि. वि.,

पाणी आलं रे! पहिले खालच्या बांध्यायले आलं. लोंब्या अशा भरल्या की तुझे भाऊजी रोज उगाच बांधावर जाऊन उभे राहतात. यादोराव पाटील तळ्याच्या पाळीवर उभे राहून पाहत होते. मी मुद्दाम जवळ जाऊन रामराम घातला.

लाखांदूरहून आलेले लोक सांगतात, तू चटईवर बसतो म्हणून सरकारी साहेबाले तुझ्याशी बोलाचं असलं की कमरेतून वाकावं लागते. ऐकून बाया हसून हसून बेजार झाल्या.

आणि ऐक. फडताळाची किल्ली मी ललिताच्या हवाली केली. तिनं पहिल्याच दिवशी शिरा केला, साखर सांडून. तुमच्या बैठकीले कळव, माझ्यावरचा ठपका आता मागे घ्या.

माया आहे तशीच ठेव, चटईसारखी.

तुझी बाई


लाखांदूर,
जा. क्र. २१४, २० सप्टेंबर १९८२

ती. बाईस सा. न. वि. वि.,

आपले पत्र मिळाले. कामाच्या व्यापामुळे हे लेखनिकाकडून लिहवून घेत आहे. वर जावक क्रमांक पडला आहे, तो त्याच्या सवयीचा दोष, मनावर घेऊ नये.

मी खुर्चीवर बसतो हे तू ऐकलंस ते खरं आहे. चटईवर गुडघे धरू लागले, म्हणून पाट घेतला. पाटावर सही नीट होईना. खुर्ची हे शेवटी साधन आहे. समितीचा अध्यक्ष झाल्यापासून मी आतून बरंच काही करतो आहे, पण आतलं काम बाहेरून दिसत नाही.

यंदा पाणी कमी असल्याने पहिले वरच्या बांध्यांना देणे तांत्रिकदृष्ट्या आवश्यक ठरले. यादोरावजींनी समितीला चांगले सहकार्य केले आहे. खालच्या बांध्यांचा प्रश्न विचाराधीन असून मार्चअखेर निर्णय होईल. मी आत नसतो तर याहून वाईट झालं असतं, हे लक्षात घ्यावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
इश्वर
(अध्यक्ष)


तुझ्या हापिसचा वऱ्हांडा, लाखांदूर,
४ ऑक्टोबर १९८२

चि. इश्वर, म्हणजे मा. अध्यक्षसाहेब यांस बाईचे जुनेच आ. वि. वि.,

हे पत्र भिंतीपल्याडून लिहून राहिली. आम्ही खालच्या बांध्यायवाल्या बाया सकाळच्या एस्टीनं आलो. तुझा शिपाई नत्थू म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, काय असंल ते लेखी द्या. चौथी शिकली ते आज कामी आलं.

नत्थू चांगला आहे बापा. बाया उभ्या दिसल्या तं त्यानं कपाटामागून चटई काढून दिली. म्हणे, साहेबायची जुनी आहे, असे लोक आले की हेच अंथरतो. काठ पाहिला, लाल. मले पहिले हसू आलं, मग रडू आलं, आता मात्र राग आला आहे.

तू म्हणे, आत गेलेला बदलते. मी म्हणे, आत गेल्याशिवाय काही बदलत नाही. दोघंही खरे ठरलो आणि धान वाळून राहिलं. ते आता निसवणार आहे. तुझ्या मार्चची वाट ते पाहत नाही. तुले आत मीच ढकललं, म्हणून बाहेर बोलवायले बी मीच आली.

दाराशी यादोराव पाटलाच्या चपला दिसल्या, म्हणजे मीटिंग कोणाची ते समजलं. ललितानं निघताना सांगितलं, चूल मी पाहते, पाणी घेतल्याशिवाय येऊ नका. सुनेचा हुकूम आहे, मोडता येत नाही. घोषणा तुझ्याच जुन्या पत्रकातली देणार आहोत, आधी खालच्या बांधीले पाणी. चाल विसरला असशील तं भिंतीतून ऐक.

चटईवर दाटी झाली आहे, तरी एका माणसाची जागा धरून ठेवली. लोभ असावा बिसावा काही लिहीत नाही. खाली ये.

बाई