उपरण्याखालचा हात

आण्णा, परवा बाजाराच्या दिवशी घोडेगावला उतरलो. घ्यायचं काही नव्हतं आणि विकायला माझ्याकडं काय असणार. नेवाशाहून टेम्पोत बसून नगरला निघालो होतो, ड्रायव्हर चहाला थांबला, मी खाली उतरलो तो राहिलोच. तुम्ही गेल्यापासून असंच चाललंय. थोडे दिवस श्रीरामपूरला केटररकडं, थोडे दिवस एका रसवंतीवर, मग कुठं कुठं. तुम्ही दलाली करून दमलात की जिथं टेकायचात ते चहाचं दुकान अजून आहे. पत्रा नवा टाकलाय आणि बाकड्यासमोर टीव्ही आलाय. टीव्हीवर युक्रेनची लढाई चालू होती. ती तुमच्या माघारी सुरू झाली, म्हणून सांगतो: रशियानं शेजारच्या देशात फौजा घातल्या, दुसरे मोठे देश त्या शेजाऱ्याला हत्यारं पुरवतात, आणि मधूनमधून तहाची बोलणी होतात नि मोडतात.

दुकानात दोन पक्ष पडलेले. आपल्या शाळेचे रिटायर झालेले गुरुजी म्हणत होते, "बाहेरून हत्यारं मिळतात म्हणून तो देश उभा आहे. उद्या मदत थांबवा, तहाला बसायला उरेल कोण?"

"गुरुजी, तुमचं बरंय, पेन्शनवर लढाई लढताय," माझा टेम्पोवाला म्हणाला. "भायेरच्यांनी हात काढला ना, आठ दिसात मिटतंय. थोडी जमीन जाईल, जाऊ द्या की."

"मग तुझ्या बांधाकडंच्या दोन सऱ्या दे बरं चुलत्याला."

"त्यो विषय येगळा हाय!"

सगळे हसले. गुरुजी माझ्याकडं वळले. "तू बोल रे. दलालाचा पोरगा तू. असला सौदा मिटवायचा कसा?"

मला तो म्हशीचा सौदा आठवला. तुम्ही उपरणं टाकलंय, खाली म्हैस विकायला आणलेल्या त्या पाथर्डीकडच्या माणसाचा हात धरलाय. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, आकडा तोंडानं कुणी काढायचा नाही. त्याच्या मागं त्याचा मेव्हणा छाती काढून उभा आहे. "दिऊ नका दाजी, मी हाय." घेणारा व्यापारी चिडलाय, "आधी याला हाकला, मग बोलू." तुम्ही त्याला म्हणता, "त्यो मागं हाय म्हनून तुमी आजून बोलताय. त्यो गेला की तुमी म्हैस सोडूनच न्याल." मेव्हणा फुगतो. मग तुम्ही त्याच्याकडं मान वळवता. "आन पावनं, उन्हात उभं हाय ते जनावर तुमचं न्हाई." एवढं सगळं चालू असताना हात काही सोडत नाही. तुमचा घाम उपरण्यावर पडतोय.

हेच सांगणार होतो. पण कोपऱ्यात पोत्यावर मावशी बसली होती, शेळी विकून. माझ्या दोस्ताची आई. त्याचा नि माझा पासपोर्ट बरोबरच निघालेला. एजंटानं रशियात गोडाऊनला हेल्परचं काम सांगितलं, दोस्त गेला. मी तेव्हा श्रीरामपूरला लग्नाच्या ऑर्डरीत रमलो, राहिलो. तिकडं त्याला वर्दी चढवली. पुढं पाठवतायत एवढं फोनवर बोलला, त्यानंतर पोळ्यापासून फोन नाही. उन्हातल्या जनावराची गोष्ट तिच्या देखत कशी सांगणार. "मला काय कळतंय गुरुजी," म्हणालो आणि भजी मागवली. भजी गरम होती. मला रडू वगैरे आलं नाही.

उठलो तर मावशी मागोमाग रस्त्यापर्यंत आली.

"आरं, गुरुजी म्हंत्यात ती हत्यारं माझ्याच पोराच्या अंगावर यायची ना?"

"व्हय मावशी."

"आन न्हाई दिली तर त्या दुसऱ्यांची पोरं मरायची."

"व्हय."

"मग कुनाचं खरं?"

"म्हायती न्हाई."

तिची बस लागली होती. तिनं माझा हात ओढला आणि वर पदर टाकला. आजूबाजूनं माणसं, जनावरं जात होती, बाजारात कुणाला त्याचं नवल नाही. "तोंडानं नको बोलू. तुझ्या बापावानी हातात सांग. किती म्हैन्यांनी यील?"

काय सांगणार होतो आण्णा. एकही बोट दाबलं नाही. नुसता तिचा हात धरून राहिलो, सगळा, जसा कुणाचाही धरतात तसा. दाव्यानं तळवा सोलल्यासारखा झालेला. तिनं मान हलवली.

"पाच," ती म्हणाली. "म्हंजी चैत सरून आखाजीपत्तर. बरंय."

पदर काढला, डोक्यावर घेतला आणि बसमध्ये चढली. मी तिथंच उभा. हाक मारून म्हणायला पाहिजे होतं का, की मावशी, तो भाव नव्हता? तसं म्हणून त्या पाचच्या बदल्यात काय दिलं असतं तिला, तेही सुचेना. टेम्पो केव्हाच निघून गेला होता.

हा कागद टाकायचा कुठं. पासपोर्टात घालून ठेवतो, तो तरी कुठं लागतोय. तिकडं बोलणी मोडली असं काल पुन्हा टीव्हीवर सांगितलं. मी ऐकलं, आणि मनात म्हणालो, आखाजीला अजून वेळ आहे.