बुडावरची तीन बोटे

मृत्युपत्र लिहून ठेवणार काताल्दो क्वारांता, वय अडुसष्ट, धंदा कुंभाराचा, राहणार ग्रोत्ताल्ये. मी शुद्धीवर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. डोळे अधू झाले आहेत, मत्सर मात्र शाबूत आहे.

१. खडकात कोरलेला कारखाना, चाक आणि पांढऱ्या झिलईची कृती मुलगी फिलोमेना हिला. जावयाने चाकाला हात लावू नये. तो माझ्या घरी जेवतो आणि ओरोन्झोच्या ताटांची तारीफ करतो.

२. ओरोन्झो बासिले याला काहीही नाही. भट्टी आमची सामायिक, त्यामुळे चाळीस वर्षे त्याची भांडी माझ्या भांड्यांत मिसळून भाजली. भट्टी उघडली की गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे वळायचे. मी जळायचो, अजून जळतो.

३. घर बायको इमाकोलाता हिला. तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

लग्नाआधी एकदा भट्टी उघडताना तिने एक पांढरी सुरई उचलली आणि जन्मभर फळीवर जपली. इतका पांढरा रंग माझ्या हातून उतरणे शक्य नव्हते. मी विचारले, "कुणाची गं ही?"

"ज्यानं केली त्यालाच ओळखू येत नसेल, तर मी कशाला सांगू?" ती हसली. ओरोन्झोच्या आठवणीने हसली, असे मी धरून चाललो.

गेल्या ईस्टरला ती चर्चमध्ये असताना मी सुरई जमिनीवर आपटली आणि नाव मांजराचे घेतले. तिने मांजर हाकलले. त्या दिवशी ती जेवली नाही.

तुकडे उचलताना बूड हाती आले. झिलईत बुडवताना आम्ही भांडे बुडाशी तीन बोटांत धरतो, तिथे बोटांचे तीन कोरे ठिपके राहतात. त्यातला एक ठिपका वाकडा होता. माझी तर्जनी लहानपणी मोडली, ती वाकडीच राहिली. मी बोटे ठेवून पाहिली. बरोबर बसली.

इमाकोलाता, तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. बूड चाकामागच्या पोत्यात आहे. शवपेटी बंद करण्याआधी माझी बोटे त्यावर ठेवून बघ. मांजर हल्ली ओरोन्झोकडे असते. ते परत आण.

ग्रोत्ताल्ये, ११ नोव्हेंबर १९११
सही: काताल्दो क्वारांता

साक्षीदार:
दोनातो लेन्ती, न्हावी
ओरोन्झो बासिले, कुंभार (मजकूर वाचू न देता सही घेतली)